कोयत्याची चौकट: श्रमिकाचे चित्रण आणि बीड

1857 साली पॅरिसच्या प्रदर्शनात मिले या चित्रकाराने कापणीनंतर रानात सांडलेली कणसे वेचणाऱ्या तीन स्त्रिया रंगविल्या. त्याच वर्षी मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली. हा केवळ योगायोग; कारण या शाळेच्या परंपरेत श्रमिक आला तो प्रथम नमुना म्हणून. लॉकवुड किपलिंगने 1870च्या सुमारास रेखाटलेले कारागीर आपापल्या हत्यारांपाशी बसलेले आहेत. ऑटो रोथफील्डच्या 1920च्या ग्रंथातील धुरंधरांच्या स्त्रिया जात आणि प्रांत यांनुसार ओळखू येतात. त्यांची वेशभूषा दिसते, मजुरी दिसत नाही. मराठवाड्यात ही शाळा आली ती अजिंठ्यासाठी. 1872 ते 1885 या काळात ग्रिफिथ्स आणि त्याचे विद्यार्थी निझामाच्या मुलखातील त्या लेण्यांच्या प्रतिकृती करीत होते. या प्रदेशाला चित्रकलेच्या इतिहासात स्थान मिळाले ते असे, भिंतींमुळे.

स्वातंत्र्योत्तर काळात हुसेन यांच्या ‘जमीन’ या चित्राला 1955 साली राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. तेथे माणूस, जनावर आणि माती यांचे नाते अभेद्य आहे. ग्रामीण श्रमिक म्हणजे स्वतःच्या भुईत रुजलेला माणूस, हे गृहीतक त्यामागे आहे, आणि बीडचा अनुभव नेमका येथेच चौकटीबाहेर पडतो. बालाघाटच्या कोरडवाहू पट्ट्यातील मजूर उचल घेऊन, मुकादमामार्फत, सहा-सहा महिने परक्या उसात राबतो. फडाशेजारी कोपी उभी राहते. तोड पहाटेच्या अंधारात सुरू होते आणि वाहन रात्री आले तर मोळ्या रात्रीच भराव्या लागतात. निसर्गचित्रकाराला हवा असलेला प्रकाश या श्रमाच्या कितीतरी तासांवर पडतच नाही! शिवाय नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’: दोन देह, हिशेबात एक. एकट्या, भव्य श्रममूर्तीची दृश्यभाषा हे एकक कसे पेलणार? मुकादमाच्या वहीत निम्मी असलेली ही स्त्री 2019च्या शासकीय समितीने स्वतंत्रपणे मोजली, ती गर्भाशयासाठी: पाहणीतील 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली होती.

सुधीर पटवर्धन हे पूर्णतः नागर चित्रकार. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले. त्यांचा श्रमिक आगगाडीत, पुलावर, रस्त्यावर भेटतो. 2001च्या ‘लोअर परळ’मध्ये तर त्याच्या पायांखालचे गिरणगावच सरकते आहे. त्यात ना ऊस आहे, ना बैलगाडी. तरीही जागेवरून हललेला देह रंगवावा कसा, हा बीडच्या मजुराने उभा केलेला प्रश्न ‘जमीन’पेक्षा या शहरी चित्रांत अधिक प्रामाणिकपणे हाताळला गेला आहे.