मुक्ता : एका नांवाचा इतिहास

रत्नांवरून मुलींचीं नांवें ठेवण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. हिरा, माणिक हीं नांवें घरोघरीं ऐकूं येत. त्यांतच ‘मुक्ता’ हें नांव येतें. मात्र त्याचा इतिहास इतका सरळ नाहीं.

संस्कृतांत मुक्ता म्हणजे मोती. ‘मुच्’ म्हणजे सोडणें. शिंपल्यांतून मोकळी झालेली ती मुक्ता, अशी व्युत्पत्ति परंपरेनें सांगितली जाते. मौक्तिक शब्द त्यावरूनच साधला आणि प्राकृताच्या वाटेनें मराठींत त्याचा ‘मोती’ झाला. ऋग्वेदांत मात्र मोत्याला ‘कृशन’ असा निराळाच शब्द आहे. उलट तमिळ भाषेंत मोत्याला ‘मुत्तु’ म्हणतात, आणि दक्षिणेचा समुद्र तर मोत्यांचें माहेरच. कौटिलीय अर्थशास्त्रांत मोत्यांच्या जाती सांगतांना ताम्रपर्णी व पांड्यदेश यांचीं नांवें प्रथम येतात. म्हणून मूळचा दाक्षिणात्य शब्दच संस्कृताचा वेष घेऊन ‘मुक्ता’ झाला, असें कांहीं भाषापंडित मानतात. तसें असेल तर ‘मोकळी झालेली’ हा अर्थ मागाहून जडलेला ठरतो.

परंतु महाराष्ट्रानें हा मागाहून आलेला अर्थच उराशीं धरला. परंपरेप्रमाणें मुक्ताबाईंचा जन्म इ. स. १२७९ चा. संन्याशाचीं मुलें म्हणून बहिष्कृत झालेल्या चार भावंडांत त्या धाकट्या. निवृत्ति, ज्ञान, सोपान आणि मुक्ता या नांवांत भाविकांना परमार्थाच्या पायऱ्याच दिसतात. येथें मोती मागें पडतो व मुक्ति पुढें येते. उद्विग्न होऊन दार लावून बसलेल्या वडील भावास समजाविणारे ‘ताटीचे अभंग’ त्यांच्याच नांवावर आहेत.

पुढें सुमारें पावणेसहाशें वर्षांनीं पुण्यांत याच नांवाची दुसरी मुलगी लिहूं लागली. मुक्ता साळवे ही जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंतील, मांग समाजांतील, चौदा वर्षांची विद्यार्थिनी. मांगमहारांच्या दुःखाविषयीं तिचा निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत प्रसिद्ध झाला. ज्यांना वेद वाचण्याचीच मनाई, त्यांचा धर्म कोणता, असा रोकडा प्रश्न तिनें त्यांत विचारला. एकीनें मोक्षाची वाट सांगितली, दुसरीनें माणुसकीचा हक्क मागितला.

बारशाच्या दिवशीं पाळण्यांतल्या मुलीच्या कानांत हें नांव सांगतांना आईबापांच्या मनांत बहुधा मोत्याचें पाणी असतें. त्या नांवामागें या दोघीहि उभ्या आहेत, याची आठवण असलेली बरी.