वळिवडे : पंचगंगेकाठचे पोलंड

१/ कोल्हापूरजवळच्या गांधीनगरची कापडपेठ अनेकांना परिचित आहे. परंतु १९४३ ते १९४८ या काळात याच परिसरात, वळिवडे येथे, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. ती इतक्या दूर कशी आली?

२/ सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंड गिळंकृत केले. १९४० व १९४१ मध्ये पूर्व पोलंडमधील लाखो माणसांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. थंडी, सक्तीचे श्रम आणि उपासमार यांनी कुटुंबेच्या कुटुंबे उद्ध्वस्त केली.

३/ जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावरच आक्रमण केले आणि राजकारणाचे फासे उलटले. पोलिशांची सुटका झाली. १९४२ मध्ये जनरल आंदर्स यांच्या सैन्यासोबत हजारो नागरिक कास्पियन समुद्र ओलांडून इराणला पोहोचले. परंतु उपासाने क्षीण झालेली कित्येक माणसे साथीच्या रोगांनी तेथेच दगावली.

४/ नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे मुलांना आश्रय दिला. कुटुंबांसाठीची मोठी छावणी कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याला उभारण्यात आली. तिचा खर्च लंडनस्थित पोलिश सरकार उचलत असे. येथे शाळा होत्या, चर्च होते, रुग्णालय होते. शिवाय प्रत्येक कुटुंबाची स्वतंत्र चूल होती. वर्षानुवर्षे भाकरीच्या तुकड्यासाठी ताटकळलेल्या मुलांना आईच्या हातचे अन्न पुन्हा मिळू लागले.

५/ आता एक अस्वस्थ करणारी नोंद. त्याच १९४३ साली, त्याच ब्रिटिश सत्तेखाली, बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. पोलिशांचे सरकार परागंदा होते, तरीही त्यांच्यासाठी बोलणारे आणि पैसा उभा करणारे होते. बंगालच्या भुकेल्यांना स्वतःचे सार्वभौम सरकारच नव्हते. यात दोष वळिवड्याच्या मुलांचा नाही. पण करुणेला सत्तेचे पाठबळ नसेल तर काय घडते, हे येथे दिसते.

६/ युद्ध संपले, तरी परतीची वाट बंद होती. पूर्व पोलंड सोव्हिएत संघात विलीन झाले होते. १९४८ पर्यंत ही माणसे ब्रिटनसह अनेक देशांत पांगली. तोवर फाळणी झाली होती. रिकाम्या झालेल्या बराकींत सिंधी निर्वासित आले. त्यांचेच पुढे गांधीनगर झाले. एका उद्ध्वस्त समाजाने सोडलेल्या चुली दुसऱ्या उद्ध्वस्त समाजाने पेटवल्या.