‘लादिनो’ आणि ‘कानारीं’

‘लादिनो’ हा शब्द ‘लातिनुस’, म्हणजे लॅटिन, या शब्दापासून निघाला. मध्ययुगीन स्पेनमध्ये अरबीहून निराळ्या अशा लॅटिनोद्भव लोकभाषेस तो लावीत. ती भाषा अवगत असलेल्या मुसलमानासही ‘लादिनो’ म्हणत. १४९२ साली स्पेनमधून घालवून दिलेल्या यहूदी लोकांची स्पॅनिश आज याच नावाने ओळखली जाते. काटेकोर अर्थाने मात्र ते त्यांच्या शास्त्रानुवादाच्या भाषेचे नाव होय. त्या अनुवादात हिब्रू वाक्याची ठेवण न मोडता शब्दास शब्द दिला जाई; फेरारा येथील १५५३ चे बायबल त्याच पठडीतले. उत्तर इटलीच्या डोलोमाइट पर्वतात राहणारे लोकही आपल्या भाषेस ‘लादिन’ म्हणतात.

सत्तेच्या छायेत मात्र या शब्दाचे रूप पालटले. धन्याची भाषा शिकलेला आफ्रिकी गुलाम ‘लादिनो’ ठरला. पुढे स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत या शब्दास ‘धूर्त’ असाही अर्थ चिकटला. परक्याने आपली भाषा शिकावी ही अपेक्षा. शिकल्यावर त्याच्यावर संशय!

असाच प्रकार आपल्या शेजारी गोमंतकात घडला. पोर्तुगीजांनी कानडा देशाच्या नावावरून तेथील कोंकणीस ‘कानारीं’ म्हटले. म्हणजे आम्हा हुबळी-धारवाडकरांच्या कन्नडचे नाव दुसऱ्याच भाषेस मिळाले. पुढे तोच शब्द गोमंतकीयांस हिणविण्यासाठी वापरला गेला. १६८४ साली तर लोकांनी तीन वर्षांत स्वभाषा टाकून पोर्तुगीज बोलावे, असे फर्मान निघाले.

परंतु त्याच भूमीत याच्या उलट उदाहरणही आहे. १५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स येथील भाषा शिकले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, ते मराठी ओवीत. त्यांचे कोंकणी व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, निघाले. त्यावर ‘कानारीं’ हेच नाव असले, तरी आत त्या भाषेचा आदरपूर्वक अभ्यास आहे. येथे श्रोत्याने नव्हे, उपदेशकाने ‘लादिनो’ व्हायचे पत्करले.

पेंटेकॉस्टच्या दिवशीही लोकांस गालीली भाषा शिकावी लागली नाही; प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकले (प्रेषितांची कृत्ये २). दाजीबानपेठेत मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात. तेथील एखाद्या घरी प्रार्थनेस जाताना आम्ही प्रथम विचारावे: या घरातील आजीबाई कोणत्या भाषेत प्रार्थना करतात? आणि ती भाषा आम्हांस येत नसेल, तर शिकण्याची पाळी आमची आहे.