पारख आणि भाकीत

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्यानें ती प्रथम उच्चारली त्यानें बहुधा मुलगा मोठा झाल्यावरच उच्चारली असावी. कारण मोठेपण सिद्ध झाल्यावर पाळण्यांतील पाय आठवणें सोपें असतें. जे पाय पाळण्यांत मोठे शुभलक्षणी दिसले आणि पुढें कोठेंच पोहोंचले नाहींत, त्यांची म्हण कोणी केली नाहीं. या म्हणीची खरी परीक्षा पाहावयाची तर भाकीत पाळण्यापाशींच लिहून ठेविलें पाहिजे, आणि वीस वर्षांनीं तो कागद पुन्हां उघडला पाहिजे. अशी परीक्षा उत्तर अमेरिकेंतील एका खेळानें साठांहून अधिक वर्षें चालविली आहे. तिचा इतिहास खेळाची गोडी नसणाऱ्या वाचकांसहि विचार करावयास लावील, असें वाटल्यावरून हा लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें.

हा खेळ म्हणजे बर्फावरील हॉकी. आपल्याकडे हॉकी म्हटली कीं ध्यानचंद आणि मैदानावरील हिरवळ डोळ्यांपुढें येते. कॅनडांतील हॉकींत पायांत पोलादी पात्यांचे जोडे असतात, चेंडूच्या जागीं पक नांवाची रबराची चकती असते, आणि खेळ इतका वेगवान कीं नवख्या प्रेक्षकास चकती दिसतहि नाहीं. या खेळाची प्रमुख संस्था नॅशनल हॉकी लीग ही १९१७ सालीं मॉंट्रियल येथें स्थापन झाली. आज तींत कॅनडा व अमेरिका मिळून ३२ संघ आहेत. हे संघ दरवर्षीं उन्हाळ्यांत पाळीपाळीनें नव्या तरुणांची निवड करतात. तिला ड्राफ्ट म्हणतात. सात फेऱ्या होतात. त्या वर्षाच्या १५ सप्टेंबरपर्यंत ज्याला अठरा वर्षें पूर्ण होतात तो निवडीस पात्र होतो. ज्या संघानें त्याचें नांव घेतलें त्याचाच त्याच्यावर हक्क. लीगमधील दुसरा संघ त्याच्याशीं करार करूं शकत नाहीं. दुबळ्या संघास आधीं निवडूं द्यावें हें या पद्धतीचें मूळ तत्त्व. निवडीपूर्वीं कित्येक महिने जाणकार लोक कोणता संघ कोणाचें नांव घेईल याच्या याद्या रचीत असतात. अशा यादीस लटका ड्राफ्ट म्हणावें; आणि खऱ्या ड्राफ्टाइतकीच तिची चर्चा होते.

ही पद्धत येण्यापूर्वींची स्थिति आधीं सांगितली पाहिजे. त्या काळीं लीगमध्यें सहाच संघ होते, आणि प्रत्येक संघ गांवोगांवच्या किशोर संघांस पैसा पुरवून तेथील मुलें आपल्या नांवावर बांधून घेत असे. बॉबी ऑर हा पुढें या खेळांतील सर्वश्रेष्ठ बचावपटूंपैकीं एक ठरला. त्यास बॉस्टनच्या संघानें १९६२ सालीं बांधून घेतलें तेव्हां तो अवघा चौदा वर्षांचा होता. मुलगा कोणाचा, हा प्रश्न त्याच्या आईबापांच्या स्वयंपाकघरांतील टेबलावर एका सहीनें सुटत असे. अशा व्यवस्थेंत भाकीतास जागाच नव्हती. जें भाकीत होतें तें संघाच्या पारख्यांच्या खिशांतील वहींत.

पहिला ड्राफ्ट ५ जून १९६३ रोजीं मॉंट्रियलच्या एका हॉटेलांत, बंद दाराआड झाला. सर्वांत चांगलीं मुलें आधींच बांधलेलीं असल्यामुळें उरलेल्यांतून निवड करावयाची होती. एकवीस मुलांचीं नांवें घेतलीं गेलीं. पहिलें नांव गॅरी मोनाहन या सोळा वर्षांच्या मुलाचें होतें. त्या एकविसांपैकीं पांचच जण पुढें लीगमध्यें खेळले. शिवाय मॉंट्रियलच्या संघास त्या काळीं फ्रेंच भाषक कॅनडांतील दोन मुलें सर्वांआधीं घेण्याची एक खास सवलत होती. ती शेवटची १९६९ सालीं वापरली गेली. किशोर संघांची जुनी बांधणी संपून सर्व तरुण एका रांगेंत उभे राहिले ते त्याच सुमारास. तेथपासून या भाकीताच्या शास्त्राचा, किंवा शास्त्राभासाचा, खरा आरंभ मानावा.

आरंभींच्या वर्षांत अंधार किती होता याची एक गंमतीची साक्ष उपलब्ध आहे. १९७४ सालीं प्रतिस्पर्धी लीगला सुगावा लागूं नये म्हणून ड्राफ्ट गुप्तपणें दूरध्वनीवर चालविला गेला. फेऱ्यांमागून फेऱ्यांस कंटाळलेल्या बफेलोच्या संघाचे व्यवस्थापक पंच इम्लाक यांनीं अकराव्या फेरींत, १८३ व्या क्रमांकावर, तारो त्सुजिमोतो नांवाचा टोकियोचा खेळाडू निवडला. नांव नोंदलें गेलें, छापलेंहि गेलें. कांहीं आठवड्यांनीं उघड झालें कीं असा खेळाडू पृथ्वीवर नव्हताच. इम्लाक यांनीं तो कल्पिला होता. लोक या गोष्टीस हंसले. आम्हांस मात्र तींत त्या काळच्या ज्ञानाचें नेमकें माप दिसतें. नसलेला मुलगा आणि कोणी न पाहिलेला मुलगा यांत फरक करण्याचें साधन त्या वेळीं निवडणारांपाशीं नव्हतें.

पुढच्याच वर्षीं, १९७५ सालीं, लीगनें आपलें मध्यवर्ती पारखी खातें उघडलें आणि क्रमवारीच्या याद्या निघूं लागल्या. १९८० सालीं ड्राफ्टाचीं दारें लोकांस उघडीं झालीं. आतां मुलगा आईबापांसह सभागृहांत बसून आपल्या नांवाची वाट पाहूं लागला, आणि बाहेरच्या जगास त्याच्याविषयीं आगाऊ मत असूं लागलें.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. हा मुलगा पुढें कसा निघेल, हा एक प्रश्न. संघ त्याला कितव्या क्रमांकावर घेतील, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर मुलाच्या अंगीं असतें, दुसऱ्याचें निवडणारांच्या मनांत. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनीं १९३६ सालच्या आपल्या ग्रंथांत शेअरबाजाराची तुलना वर्तमानपत्रांतील एका सौंदर्यस्पर्धेशीं केली आहे. शंभर चेहऱ्यांतून सहा निवडावयाचे, आणि ज्याची निवड सर्वांच्या सरासरी आवडीशीं जुळेल त्यास बक्षीस. अशा स्पर्धेंत शहाणा मनुष्य आपणांस सुंदर वाटणारा चेहरा निवडीत नाहीं. इतरांस कोणता आवडेल, असें इतरांस वाटेल, याचा तो अंदाज करीत बसतो. लटका ड्राफ्ट रचणारा हीच स्पर्धा खेळत असतो.

या दुसऱ्या प्रश्नांत भाकीतकारांनीं बरीच प्रगति केली आहे. तथापि तेथेंहि ठेच लागतेच. २०२२ सालच्या ड्राफ्टांत शेन राइट हा कॅनडाचा तरुण पहिला निवडला जाईल असें कित्येक महिने धरून चाललें होतें. मध्यवर्ती खात्याच्या उत्तर अमेरिकेच्या यादींत तो पहिला होता, तर स्लोव्हाकियाचा युराय स्लाफकोव्स्की युरोपच्या यादींत पहिला होता. या दोन याद्या स्वतंत्र असतात. दोन पहिल्यांत खरा पहिला कोण, हें खातें सांगत नाहीं. त्या वर्षींच्या बीजिंग ऑलिंपिकमध्यें स्लाफकोव्स्कीनें सात गोल केले होते. जुलैंत मॉंट्रियलनें, आपल्याच गांवच्या प्रेक्षकांसमोर, त्याचें नांव घेतलें. राइट चौथ्या क्रमांकापर्यंत खालीं आला. तीन संघांनीं त्याला सोडून दिलें तीं कांहीं मिनिटें दूरचित्रवाणीवर लाखों लोकांनीं पाहिलीं. अठरा वर्षांच्या मुलास चौथा क्रमांक हा वास्तविक केवढा मान! पण तो पहिला असणार असें छापून आलेलें असल्यामुळें तो मान अपमानासारखा दिसला.

पहिल्या प्रश्नाची कथा अधिक उद्बोधक आहे. १९६९ सालीं बॉबी क्लार्क याच्या खेळाविषयीं कोणास शंका नव्हती. पण त्यास मधुमेह होता. फिलाडेल्फियाच्या संघानें आधीं सहाव्या क्रमांकावर दुसराच मुलगा घेतला, व तो लीगमध्यें एकहि सामना खेळला नाहीं. क्लार्कला त्यांनीं सतराव्या क्रमांकावर घेतलें. त्याच क्लार्कच्या नायकत्वाखालीं फिलाडेल्फियानें १९७४ व १९७५ सालीं स्टॅन्ले चषक जिंकला. सन १९८९ मध्यें सर्गेई फेदोरोव्ह ७४ वा निवडला गेला. तो उत्तम खेळतो हें पारख्यांस ठाऊक होतें. सोव्हिएत सरकार त्याला बाहेर पडूं देईल कीं नाहीं, हें ठाऊक नव्हतें. १९९० सालीं अमेरिकेंत आला असतां त्यानें आपला संघ सोडला, आणि १९९४ सालीं लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचें पारितोषिक मिळविलें. क्लार्कचा सतरावा आणि फेदोरोव्हचा चौऱ्याहत्तरावा क्रमांक खेळाची योग्यता सांगत नाहींत; निवडणारास कशाची भीति वाटत होती, तें सांगतात. इतिहासाच्या अभ्यासकानें हे आंकडे अशाच दृष्टीनें वाचावे.

उलट बाजूचें उदाहरण १९९३ चें. अलेक्सांद्र देग हा पहिला निवडला जाणार हें भाकीत सर्वांचें होतें व तें बरोबर ठरलें. ओटावानें त्याच्याशीं पांच वर्षांचा, सव्वाबारा दशलक्ष डॉलरांचा करार केला. देग कीर्तीच्या शिखरास पोहोंचला नाहीं. दुसरा निवडला गेलेला क्रिस प्रॉंगर मात्र या खेळाच्या कीर्तिमंदिरांत जाऊन बसला. ओटावानें पहिल्या क्रमांकाच्या लोभानें सामने मुद्दाम गमावले, असा संशयहि उठला. चौकशींत तो सिद्ध झाला नाहीं, पण १९९५ पासून पहिल्या क्रमांकासाठीं सोडत काढण्याची चाल पडली. एका भाकीतावरील विश्वासानें नियमच बदलावे लागले, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

यावर भाकीतकारांचा एक आक्षेप रास्त आहे. १९८४ सालीं मारिओ लेम्यू, २००५ सालीं सिडनी क्रॉसबी, २०१५ सालीं कॉनर मॅकडेव्हिड हे पहिले निवडले गेले, व तिघेहि अपेक्षेस उतरले. असामान्य प्रतिभा आंधळ्यासहि दिसते, हें आम्ही मान्य करतों. पण तिच्या खालच्या पायरीपासून धुकें सुरू होतें. १९८४ च्याच ड्राफ्टांत लुक रोबितेल १७१ वा होता, त्यानें पुढें ६६८ गोल केले. १९९८ मध्यें पावेल दात्सूक हाहि १७१ वाच होता. दोघेहि आज कीर्तिमंदिरांत आहेत. आपल्याकडेहि २००८ सालीं क्रिकेटच्या नव्या लीगसाठीं एकोणीस वर्षांखालील तरुणांची निवड झाली, तेव्हां दिल्लीच्या संघानें आपल्याच गांवच्या विराट कोहलीस सोडून दुसरा तरुण घेतला व कोहली बंगळूरकडे गेला.

चूक कोठें होते याचा शोध २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानें घेतला. १९८० ते २००७ या काळांत निवडलेल्या कॅनडाच्या तरुणांपैकीं सुमारें ३६ टक्के जानेवारी ते मार्च या महिन्यांत जन्मलेले होते, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांतले १५ टक्केहि नव्हते. कारण साधें आहे. बालसंघांत वयाची गणना जानेवारीपासून होते. आठ वर्षांच्या वयांत दहा महिन्यांनीं थोरला असलेला मुलगा उंच व बळकट दिसतो. त्यास चांगला संघ, चांगला शिक्षक, अधिक खेळ मिळतो. आणि दहा वर्षांनीं तो खरोखरच सरस होऊन पारख्यापुढें उभा राहतो. याच अभ्यासांत असेंहि दिसलें कीं वर्षाच्या शेवटीं जन्मलेल्यांपैकीं ज्यांची निवड झाली त्यांनीं आपल्या क्रमांकाच्या मानानें अधिक कामगिरी केली. पारख्यानें जें बुद्धीचें व अंगाचें देणें मानलें त्यांतील कांहीं भाग पंचांगाचें देणें होतें.

आणि येथेंच या विषयाचा आम्हांस शिक्षक म्हणून झोंबणारा भाग येतो. पर्जन्याचें भाकीत चुकलें तर ढगांस त्याचें कांहीं वाटत नाहीं. मनुष्याचें भाकीत त्या मनुष्याच्या कानीं जातें. पहिल्या फेरींतील मुलास पुन्हां पुन्हां संधि मिळते, कारण त्याच्यावर पैसा व प्रतिष्ठा खर्ची पडलेली असते. सातव्या फेरींतील मुलाची एक चूक पुरते. तीस वर्षें आम्हीहि उत्तरपत्रिकांवर आंकडे लिहून मुलांच्या रांगा लाविल्या. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्याचे वडील आमच्याकडे आले होते. घरची ओढाताण सांगून त्यांनीं विचारलें, "मास्तर, पोराला पुढें शिकवूं कीं नको?" आम्हीं त्याच्या गुणांकडे पाहिलें व नको म्हणून सांगितलें. तो मुलगा एका पेढीवर कारकून झाला. पुढें नोकरी सांभाळून त्यानें बाहेरून परीक्षा दिल्या, आणि आज तो आमच्याच विषयाचा अध्यापक आहे. भेटला कीं वांकून नमस्कार करतो. त्या दिवसाचा उल्लेख त्यानें कधीं केला नाहीं. त्याचीं मधलीं सात वर्षें आमच्या एका वाक्यानें घेतलीं, हें आम्हांस ठाऊक आहे, आणि बहुधा त्यासहि.

निवड करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. जागा थोड्या व उमेदवार फार असतील तेथें कोणास तरी आधीं व कोणास तरी मागून बोलवावें लागणारच. आणि चौदा वर्षांच्या मुलास गुपचूप बांधून घेण्यापेक्षां उघड्या सभेंत नांव घेणें शतपटीनें बरें. पण क्रमांक लिहिणारानें आपला कागद जपून ठेवावा व वीस वर्षांनीं स्वतःच उघडून वाचावा. आमच्या टेबलाच्या खणांत त्या विद्यार्थ्याच्या वर्गाची जुनी गुणपत्रिका अजून आहे. त्याचा क्रमांक त्या वर्गांत एकतिसावा होता.