तेहतीस पानांचे पत्र

मूल दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, हे सर्वांत आधी घरच्यांच्या लक्षात येते. मग कुणी म्हणतो, ‘मुलगे उशिराच बोलतात’, कुणी देवाचा कौल घ्यायला सांगतो. डॉक्टरांची पाळी फार उशिरा येते. स्वमग्नतेचा, म्हणजेच ऑटिझमचा, इतिहासही असाच एका घरातून सुरू होतो.

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे गाव आहे. १९३८ साली तिथले वकील बीमन ट्रिपलेट यांनी बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांना आपल्या पाच वर्षांच्या डोनाल्डविषयी ३३ पानांची टंकलिखित हकिगत पाठवली. (कचेरीत एवढा लांब अर्ज आला तर आम्ही कारकून शेवटचे पान बघून तो फायलीला लावतो!) कॅनर यांनी ती वाचली. डोनाल्ड वर्षाचा असतानाच गाण्यांच्या चाली अचूक गुणगुणायचा, वस्तू भोवऱ्यासारख्या फिरवत बसायचा, एकटा सोडला की खूश असायचा. ‘हो’ म्हटलेस तर खांद्यावर घेईन, असे वडिलांनी एकदा शिकवले. तेव्हापासून ‘हो’चा त्याच्या लेखी अर्थ एकच, मला खांद्यावर घ्या! तासाभराच्या तपासणीत हे कुणाला दिसले असते?

१९४३ साली कॅनर यांनी डोनाल्डसह ११ मुलांवरचा निबंध छापला. त्यात ८ मुलगे होते, ३ मुली. मॉस्कोच्या ग्रून्या सुखारेवा यांनी १९२५ मध्येच अशा ६ मुलांविषयी लिहिले होते, पण ते दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले.

पुढचा भाग वाचताना राग येतो. ज्या आईबापांनी हे पाहिले, टिपून ठेवले, त्यांच्याच माथी खापर फुटले. त्यांच्या थंडपणाविषयी खुद्द कॅनर यांनीच लिहिले आणि १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइम यांच्या पुस्तकाने आयांवरचा ठपका पक्का केला. त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंड यांनी तो खोडून काढला होता. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि अशाच एका मुलाचे वडीलही. १९६९ साली कॅनर यांनी पालकांच्या सभेत त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले. १९७७ साली फोलस्टीन आणि रटर यांनी जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटा दाखवून दिला.

ऑटिझमचे निदान करणारी रक्ततपासणी आजही नाही. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ‘एम-चॅट’ नावाची प्रश्नावली आहे, ती पालकच भरतात. बोट दाखवून तुमचे लक्ष वेधतो का? नावाने हाक मारल्यावर बघतो का? शंका आली तर मग तज्ज्ञ मुलाला तपासतात.

आपल्याकडे १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या यादीत ऑटिझम नव्हताच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि अपंगत्वाच्या मुख्य यादीत यायला २०१६ उजाडले. यादीत नाव नाही तर दाखला नाही, हे आम्हा सरकारी माणसांना वेगळे सांगायला नको.

डोनाल्डने पुढे गावातल्याच बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, देशोदेशी हिंडला. २०२३ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, तो वारला.