पपईचा चीक आणि अँटिबॉडीचे तीन तुकडे

कबाबाच्या खिम्याला कच्ची पपई वाटून लावायचं काम आमच्या घरी खालाचं. फार वेळ ठेवली तर गोश्ताचा लगदा होतो, हे तिला बरोबर माहीत. पण पपई नेमकं काय कापते, हे आम्ही कुणी कधी विचारलं नाही. रॉडनी पोर्टर या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याच पपईच्या चिकातल्या पपेन नावाच्या एन्झाइमने अँटिबॉडी कापली.

पोर्टर हे केंब्रिजला फ्रेडरिक सँगर यांचे विद्यार्थी. शरीरात शिरलेल्या परक्या पदार्थाला पकडणारं हे प्रथिन सुमारे दीड लाख डाल्टन वजनाचं. एवढ्या मोठ्या रेणूची रचना उलगडणं तेव्हा अशक्यच. तोडून लहान करावं आणि पकडण्याचा गुण कुठल्या तुकड्यात उरतो ते पाहावं, असा त्यांचा विचार. 1940च्या दशकातल्या पहिल्या प्रयत्नात गुण उरला, पण पपेन अशुद्ध होतं आणि तुकडे नीट वेगळे करायची सोय नव्हती. दहाएक वर्षांनी, लंडनच्या मिल हिलमधल्या संस्थेत असताना, त्यांना शुद्ध पपेन मिळालं. सशाच्या अँटिबॉडीच्या 100 भागांना 1 भाग, इतकंच ते पुरलं.

मग आली क्रोमॅटोग्राफी. ऋणभारित सेल्युलोज भरलेल्या नळीत, म्हणजे कॉलममध्ये, मिश्रण सोडायचं आणि वरून हळूहळू क्षार वाढवत द्रावण ओतत राहायचं. ज्याची पकड ढिली तो तुकडा आधी बाहेर. असे तीन वाटे निघाले. पहिले दोन परक्या पदार्थाला पकडत होते. तिसरा पकडत नव्हता, पण थंडीत त्याचे स्फटिक झाले! स्फटिक सहसा एकसारख्या रेणूंचेच होतात, आणि सशाच्या अँटिबॉडी तर हजार तऱ्हांच्या. म्हणजे सगळ्यांची शेपटी जवळपास सारखी, वेगळेपण पकडणाऱ्या हातांत. 1959 सालच्या या कामासाठी पोर्टर यांना 1972 मध्ये जेराल्ड एडेलमन यांच्यासोबत नोबेल मिळालं.

पोर्टर एका ठिकाणी मात्र फसले. पहिले दोन वाटे म्हणजे एकाच रेणूचे दोन निराळे भाग, असं त्यांना वाटलं. खरं तर ते एकाच जातीचे तुकडे होते. फरक विद्युतभाराचा, तोही वेगवेगळ्या रेणूंमधला. मला ही चूक त्यांच्या यशाइतकीच मोलाची वाटते. कॉलम वेगळेपण दाखवतो, पण ते कशातलं हे सांगत नाही.

ती उणीव वजनाने भरून निघाली. 1980च्या दशकाअखेरीस जॉन फेन यांनी प्रथिनांना विद्युतभारित फवाऱ्यातून न मोडता मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये नेलं. त्यांना नोबेल मिळालं 2002 मध्ये.

हे सगळं मी वाचत बसलो ते खालामुळे. स्तनाच्या कॅन्सरवर तिला ट्रास्टुझुमॅबची स्वस्त भारतीय आवृत्ती सुरू झाली, तेव्हा घरात एकच घोर: नक्कल आहे, चालेल ना? हे औषध म्हणजे एक अँटिबॉडीच. तिची प्रत तपासताना आजही आधी तुकडेच करतात, साधारण 25,000 डाल्टनचे. मग कॉलम आणि लगेच वजन. शेपटीवरच्या साखरेच्या साखळीत एक गॅलॅक्टोज जास्त असलं तर वजन 162ने वाढतं. दीड लाखात हा फरक किरकोळ, पंचवीस हजारांत ठळक. फ्युकोज नसलं तर 146ने घटतं आणि मारेकरी पेशी त्या शेपटीला जास्त घट्ट धरतात, म्हणजे औषधाचा परिणामच बदलू शकतो. कॉलममधून हे प्रकार बहुधा एकत्रच बाहेर पडतात, वजनात मात्र पकडले जातात. मूळ औषधाच्या बरोबरीने प्रतीची अशी पारख होते. तिच्यासोबत इतर प्रयोग आणि रुग्णांवरच्या चाचण्याही असतात.

हे मी खालाला सांगितलं. तिने विचारलं, “अजून पपईनेच कापतात का रे?”

कधी कधी. पण या कामाला आता बहुतेक घसा धरणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचं एन्झाइम वापरतात. तो जिवाणू ते बनवतो आपल्याच अँटिबॉडी कापायला.