थूप : राजाच्या दफनापासून धम्मस्मारकापर्यंत

मृताच्या अवशेषांवर दगडमातीची रास रचण्याची प्रथा बौद्धांनी निर्माण केलेली नाही. ती बुद्धपूर्व असून अनेक प्राचीन समाजांत आढळते. नागपूरजवळील जुनापाणी येथील महापाषाणीय शिलावर्तुळे अशाच दफनप्रथेची साक्ष देतात. ‘थूप’ या पालि शब्दाचा मूळ अर्थही रास, ढीग असाच आहे. मग बौद्धांनी या प्रथेत नवे काय आणले, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

इ. स. पू. ५ व्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील सिथियन लोकांच्या राजाचा दफनविधी वर्णिला आहे. राजाची एक उपपत्नी, आचारी, अश्वपाल व सेवक यांना गळा आवळून मारीत, त्याच्यासोबत पुरीत, सोन्याचे पेले ठेवीत आणि वर शक्य तितका उंच ढीग रचीत. मरणानंतरही राजाचे स्वामित्व टिकावे आणि सेवकाचे दास्य संपू नये, हाच या राशीचा अर्थ होता.

आता दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्त पाहावे. तेथे थूपास पात्र असे चौघे सांगितले आहेत : सम्मासम्बुद्ध, पच्चेकबुद्ध, तथागताचा सावक आणि चक्कवत्ती राजा. या यादीत राजा चौथा आहे आणि सावकासाठी जन्माची कोणतीही अट नाही. थूप चार महापथांच्या चौकात, म्हणजे सर्वांच्या वाटेवर उभारावा, असे सांगितले आहे. त्याच्या दर्शनाने लोकांचे चित्त प्रसन्न व्हावे, हा हेतू आहे. शिवाय भिक्खूंनी तथागताच्या शरीरपूजेत न गुंतता सदर्थासाठी झटावे, असेही भगवंतांनी आनंदाला बजावले आहे. रास तीच राहिली. परंतु मृताच्या सोयीसाठी असलेली वास्तू जिवंतांच्या चित्तशुद्धीसाठी झाली.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेचे स्मारक म्हणून नागपूरच्या दीक्षाभूमीवर उभारलेल्या व २००१ साली खुल्या झालेल्या स्तूपाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. सांचीचा स्तूप भरीव आहे; दीक्षाभूमीचा आतून पोकळ असून त्यात माणसे प्रवेश करतात. आमच्या मते ही रचना सुत्ताच्या आशयाशी सुसंगत आहे. मात्र त्याच थूपापुढे आपण नवस बोलू लागलो, तर बुद्धांनी बदललेला अर्थ आपणच पुसून टाकू.